चौदा किनारे, सात दिवस आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. एप्रिलमध्ये मुलांच्या शाळेला सुट्टी आहे, तेव्हा सात दिवस बार्बेडोसला जायचं ठरलंय. मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सध्या आमच्याकडे आलेले सासू-सासरे. नवऱ्याने ‘सर्वांत सुंदर किनारे’ छापाच्या याद्या चाळून एक्सेलमध्ये चौदा किनाऱ्यांचं वेळापत्रक केलंय, दिवसाला दोन. यादी सोबत पाठवते. बॉटम बेला माडांचा तो प्रसिद्ध फोटो काढल्याशिवाय तो परत येणार नाही. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा कुरकुरतो, आणि पोहता येत नाही. सासरे रत्नागिरीचे. “समुद्र बघायला एवढे पैसे? भाट्याला रिक्षाने गेलो असतो,” हे आतापर्यंत तीनदा ऐकवून झालंय. धाकटा पाणी दिसलं की सुसाट पळतो. आणि माझी एक अडचण : सासऱ्यांसमोर पोहायच्या कपड्यांत मी कशी वावरू? नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. चौदातले कुठले ठेवू, कुठले काढू?
– एक्सेलवाल्याची बायको

उत्तर : यादी वाचली. चौदापैकी एकही किनारा वाईट नाही, म्हणून तर तुमचं काम अवघड झालंय. वाईट असते तर सहज खोडले असते. पण ही यादी फोटो बघून केलेली आहे, आणि फोटोत वारा दिसत नाही. दोनशे पायऱ्या चढून धापा टाकणारी माणसं दिसत नाहीत, लाट पायाखालची वाळू कशी ओढून नेते तेही दिसत नाही.

माझ्या सल्ल्यात थोडा अनुभवाचा भाग आहे. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं बार्बेडोसला होतो. मी देवगड तालुक्यातली, त्यामुळे समुद्र मला कोण शिकवणार अशा तोऱ्यात गेले होते. पहिल्याच आठवड्यात, तुमच्या यजमानांच्या त्या लाडक्या बॉटम बेला, गुडघाभर पाण्यात उभी होते. लाट काही मोठी दिसत नव्हती. पण तिथे किनारा एकदम उतरता आहे, लाट दूरवर न फुटता अगदी पायाशी येऊन आपटते. मी आडवी झाले, दोनदा कोलांटले, नाकातोंडात वाळू गेली आणि वर आले तेव्हा चष्मा नव्हता. गाडी मीच चालवत आणली होती. परत येताना ह्यांनी चालवली आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

तर आधी वारा. शाळेत भूगोलात आपण व्यापारी वारे पाठ केले होते, ते इथे भेटतात. जवळजवळ वर्षभर ते पूर्वेकडून, ईशान्येकडून वाहतात. बार्बेडोस हे कॅरिबियन बेटांच्या माळेच्याही बाहेर, पूर्वेला एकटंच अटलांटिकमध्ये आहे. त्याच्या आणि आफ्रिकेच्या मध्ये या रेषेत अडवणारं काही नाही. त्यामुळे हजारो मैल वाऱ्याने ढकललेलं पाणी थेट पूर्व किनाऱ्यावर येऊन आदळतं. पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला राहतो, तिथे पाणी परातीतल्यासारखं. दक्षिण किनारा दोन्हींच्या मधला, लाट आहे पण बोलण्यासारखी. आणि आग्नेयेचा कोपरा म्हणजे जिथे कड्याखालच्या वाळूचे सगळ्यांत देखणे फोटो निघतात आणि जिथे पाण्यात उतरण्याआधी दहादा विचार करावा.

एवढं लक्षात ठेवलंत की चौदा नावांची यादी आपोआप चार ढिगांत पडते. मग प्रत्येक ढिगातला एक, फार तर दोन घ्यायचे. बेट लहान आहे, ३४ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त २३ रुंद. क्षेत्रफळ ४३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईपेक्षाही कमी. म्हणूनच दिवसाला दोन किनारे सहज होतील असं एक्सेलला वाटतं. पण रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना ऊस, फाट्यावर पाटी असेलच असं नाही. शिवाय सहा माणसांचा बाडबिस्तरा एका वाळूवरून उचलून, पाय झटकून, धाकट्याला रडवत गाडीत घालून दुसऱ्या वाळूवर नेऊन पसरायला जो वेळ जातो त्याचा रकाना एक्सेलमध्ये नसतो.

मुक्काम दक्षिण किनाऱ्यावर करा, हेस्टिंग्स ते डोव्हर या पट्ट्यात कुठेही. पश्चिम किनाऱ्याला ‘प्लॅटिनम कोस्ट’ म्हणतात आणि नावाप्रमाणे दर आहेत. दक्षिणेला स्वयंपाकघर असलेली साधी अपार्टमेंट मिळतात (सासूबाईंना सकाळी स्वतःच्या हातचा चहा लागत असेल, हे मी धरून चालते), किराणा चालत जाण्यासारखा, आणि अक्रा बीच पायाखाली. याचंच दुसरं नाव रॉकली. याद्यांमध्ये तो नेहमी सहाव्या-सातव्या नंबरवर असतो, कारण फोटोत तो ‘चांगला’ एवढाच दिसतो. पण तुमच्या माणसांसाठी माझा पहिला नंबर हाच. वाळूपर्यंत सपाट जाता येतं. जीवरक्षक असतो, त्याचे झेंडे असतात, लाल असेल तर पाण्यात जायचं नाही. शौचालय आहे. आणि तिथूनच हेस्टिंग्सच्या बाजूला समुद्राच्या कडेकडेने किलोमीटरभराहून लांब लाकडी फळ्यांचा रस्ता आहे, रिचर्ड हेन्स बोर्डवॉक. एक पायरी नाही, बसायला बाकडी. सासूबाईंना संध्याकाळी तिथे सोडा आणि तासाभराने आणायला जा.

आता तुमच्या कपड्यांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो मला किनाऱ्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो आणि हसण्यासारखा तर अजिबात नाही. बार्बेडोसच्या लोकांची, बेजन म्हणतात त्यांना, एक सवय आहे : ‘सी बाथ’. पहाटे सहाच्या सुमाराला अक्राला जा. साठी-सत्तरीतल्या बायका-पुरुष, डोक्यावर टोपी, छातीभर पाण्यात गोल करून उभे असतात. कोणी पोहत नाही. नुसत्या गप्पा, म्हणजे आपल्याकडचा पारच, फक्त पाण्यात. कोणाचा मुलगा कॅनडाला गेला, कोणाच्या कंबरेला काय झालं, सरकार काय करतंय. बायका बऱ्याचदा टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतच्या तंग पँटमध्ये असतात. कोणाचं कोणाकडे लक्ष नसतं. मात्र “गुड मॉर्निंग” न म्हणता शेजारून गेलात तर लक्ष जातं. तिथे बोलण्याआधी नमस्कार-चमत्कार लागतात, दुकानातसुद्धा.

तेव्हा तुम्ही पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड आणि पोटरीपर्यंतची पोहायची लेगिंग घ्या. एडिसनजवळ कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळेल. अंग झाकतं, ऊनही लागत नाही. सासूबाईंसाठीही असंच एक घ्या, त्यांना न विचारता घ्या आणि तिथे गेल्यावर बॅगेतून काढा. साडी किंवा सुती ड्रेस घालून कोणीही पाण्यात उतरू नका. संकोचाचा मुद्दा बाजूला ठेवा, ओलं सुती कापड पायांत गुंडाळतं आणि लहान लाटेतही माणूस पडतो. सासऱ्यांना त्या वेळी नवऱ्याबरोबर बोर्डवॉकला पाठवून द्या. पहिल्या दिवशी पाठवा. दुसऱ्या दिवसापासून गरज पडणार नाही असा माझा अंदाज आहे.

आणि गुडघा : छातीभर पाण्यात अंगाचं वजन जाणवत नाही. ज्या बाईला जिन्याची धास्ती वाटते ती पाण्यात चालू शकते. फक्त आत जाताना आणि बाहेर येताना, लाट फुटते त्या पट्ट्यात, दोघांनी दोन बाजूंनी धरा. डॉक्टरांना आधी विचारलेलं बरं.

कोकणातल्या माणसाला इथे एक गंमत कळायला दोन दिवस लागतात. सासरे पहिल्या दिवशी विचारतील, “भरती किती वाजता?” आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला पुरुषभर पाणी वर-खाली होतं, किनारा सकाळी एक आणि संध्याकाळी दुसराच असतो. तिथे भरती-ओहोटीत जेमतेम दोन-अडीच फुटांचा फरक. समुद्र जिथे ठेवला तिथेच असतो. आणि पाणी इतकं नितळ का, तर बहुतेक बेट प्रवाळाच्या चुनखडीचं आहे. पाऊस त्यात मुरतो, गाळ घेऊन येणाऱ्या मोठ्या नद्याच नाहीत. वाळूही प्रवाळ-शिंपल्यांचीच, पांढरट, कुठे कुठे गुलाबी झाक, आणि दुपारीही आपल्या काळ्या वाळूसारखी पाय भाजत नाही.

बाहेरच्या किनाऱ्यांत पहिला कार्लाइल बे. ब्रिजटाऊनला लागूनच वाळूची लांब चंद्रकोर आहे, पाणी शांत. त्याच्या दक्षिण टोकाला पेबल्स बीच. तिथे सकाळी सहा-साडेसहाला पोहोचा, मुलांना झोपेतून उचलून न्यावं लागलं तरी. जवळच्या गॅरिसन सव्हाना मैदानावर घोड्यांच्या शर्यती होतात, आणि त्या शर्यतीच्या घोड्यांना रोज सकाळी समुद्रात आंघोळीला आणतात. मोतद्दार दोरी धरून आधी स्वतः पाण्यात शिरतो. घोडा कडेला थबकतो, एक खूर पाण्यात घालून परत काढतो, मग एकदम आत. पाठीपर्यंत पाणी गेलं की नाकपुड्या फुगवून असा फुरफुरतो की शेजारी पोहणारा माणूस दचकावा. बाहेर आल्यावर अंग झटकतो तेव्हा दहा फुटांवरचे सगळे भिजतात. तुमची बारा वर्षांची मुलगी सध्या कशालाच ‘वाव’ म्हणत नसेल. बघा, म्हणते का.

याच खाडीत उथळ पाण्यात बुडालेल्या जहाजांचे सांगाडे आहेत. त्यातलं ‘बर्विन’ हे फ्रेंच टगबोटीचं, १९१९ साली बुडालेलं, इतकं वर आहे की नळीचा मुखवटा लावून नुसतं पालथं तरंगलं तरी दिसतं. कासवंही इथेच दिसतात. होडीवाले कासवं दाखवायला नेतात, जा जरूर, पण कासवाला हात लावायचा नाही हे धाकट्याला होडीत चढायच्या आधी सांगा, नंतर तो ऐकायच्या मनःस्थितीत नसेल. एक काळजी : बंदरात क्रूझची जहाजं लागतात त्या दिवशी साडेनऊनंतर इथे मुंगीला जागा नसते. जहाजांचं वेळापत्रक आधी कळतं. तुमच्या यजमानांना एक्सेलची हौस आहे तर त्याचा रकाना करू दे. आणि खुर्ची-छत्रीचा भाव बसायच्या आधी विचारा, कुठल्या डॉलरमध्ये तेही विचारा. दोन बार्बेडियन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर कितीतरी वर्षं ठरलेला आहे, आणि ‘डॉलर’ असं नुसतं म्हटलं की गोंधळ ठरलेला आहे.

दुसरा, पश्चिमेचा पेन्स बे. दुपार टाळून, चारला पोहोचून सूर्यास्तापर्यंत. एप्रिलमध्ये सवासहाच्या आत सूर्य बुडतो आणि संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, तेव्हा सामान आधीच आवरून ठेवा. रस्त्यावरून जाताना वाटेल की समुद्र सगळा भिंतींच्या मागे गेलाय, बंगले आणि हॉटेलं एकाला एक लागून. पण बार्बेडोसमध्ये किनारा कोणाच्या मालकीचा नसतो, बडेजावाच्या हॉटेलासमोरच्या वाळूवरही तुम्ही टॉवेल पसरू शकता. मधून मधून गल्लीएवढ्या सार्वजनिक वाटा ठेवलेल्या आहेत. हॉटेलची खुर्ची मात्र त्यांची. यादीतले मलिन्स, गिब्स, सँडी लेन हे सगळे याच जातीचे आहेत. एक बघितला की पोटभर झाला, बाकीचे खोडा. क्वचित उत्तरेकडून मोठी लाट फिरून येते तेव्हा हा शांत किनाराही दोन-तीन दिवस खवळतो, हिवाळ्यात जास्त. तसं झालं तर त्या दिवशी इथे जाऊ नका, एवढंच.

पश्चिम किनाऱ्यावर एक गोष्ट मी तुम्हाला दोनदा सांगणार आहे. मँचिनील नावाचं झाड असतं, वाळूवर छान गर्द सावली देणारं. त्याला पेरूच्या रंगाची, लहान सफरचंदासारखी फळं लागतात, वास गोड. ते विषारी आहे. फळ खायचं नाही, चीक लागला तर अंगावर फोड येतात, आणि पाऊस आला म्हणून त्याखाली उभं राहिलं तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही कातडी पोळते. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो. प्रत्येक झाडावर असेलच असं नाही. धाकट्याला सांगा : वाळूत पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही. हे दुसऱ्यांदा सांगितलं असं समजा.

सावली हवी तर ऑइस्टिन्सजवळचा मायामी बीच बघा, पाटीवर ‘एंटरप्राइज’ही असतं. नाव ऐकून फसू नका, सगळे स्थानिक लोक, रविवारी तर अख्खी खानदानं डबे घेऊन. तिथे सुरूची झाडं आहेत! केळशी-दिवेआगरला असतात तीच, वाऱ्यात तसाच सुस्कारा टाकणारी. एका बाजूला पाणी शांत, वळसा घालून गेलं की लाटा, म्हणजे धाकटा आणि मुलगी दोघांचं भागतं. शुक्रवारी दुपारी इथे जा, आणि अंधार पडला की शेजारीच ऑइस्टिन्सच्या मासळीबाजाराच्या आवारात जेवा. शुक्रवारी रात्री तिथे जत्रा असते, तळलेली-भाजलेली मासळी आणि गाणी. सासरे रत्नागिरीचे आहेत म्हणून सांगते, उडणारा मासा खायलाच हवा, फ्लाइंग फिश. काटे काढून, हिरव्या मिरच्या-पाल्याचं वाटण भरून तळतात. त्यांच्या वाटणात कोथिंबिरीऐवजी थाइम असतं, पण हात आपलाच वाटतो. आणि मेन्यूवर ‘डॉल्फिन’ दिसलं तर मुलगी रडायच्या आत तिला सांगा की तो डॉल्फिन नाही, माही-माही नावाचा मासा आहे. माझ्या भाचीने त्यावरून जेवणच सोडलं होतं.

आता बॉटम बे. नवऱ्याला फोटो काढू द्या. तो फोटो कड्यावरूनच निघतो : खाली माडांचं झुंबर, पांढरी वाळू, निळ्याचे तीन थर. सासूबाईंना तिथपर्यंत गाडी जाते, त्या वरूनच बघतील आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत चांगली जागा त्यांचीच असेल. खाली जायला कडा फोडून केलेल्या पायऱ्या आहेत. तुम्ही, नवरा आणि मुलगी आळीपाळीने उतरा, वाळूवर फिरा, पाण्यात घोट्याच्या वर जाऊ नका. जीवरक्षक नसतो. धाकट्याला खाली नेऊच नका. हे कठोर वाटेल, पण पाणी दिसलं की पळणारं मूल आणि पायाशी फुटणारी लाट यांची गाठ घालायची नाही. शेजारचा क्रेन बीच नावाजलेला आहे, वाळूला खरंच गुलाबी छटा आहे, आणि कड्यावरच्या रिसॉर्टला खाली जायची लिफ्ट आहे. बाहेरच्यांना ती वापरायची असेल तर आधी फोन करून विचारा. पण एका सकाळी दोन्ही करू नका. हॅरिस्मिथ, फाउल बे वगैरे आग्नेयेची उरलेली नावं खोडा.

एप्रिलचं आणखी एक. २०११ पासून अटलांटिकमध्ये सरगॅसम नावाचं तरंगतं समुद्री शेवाळ प्रचंड प्रमाणात वाढायला लागलंय. तपकिरी, द्राक्षाएवढ्याहून लहान फुगे असलेलं. वसंत आणि उन्हाळ्यात ते वाऱ्याबरोबर पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यांवर येऊन पडतं, कधी गुडघाभर थर, आणि कुजलं की सडक्या अंड्यांचा वास. तुमच्या सुट्टीत येईल की नाही हे आज कोणी सांगू शकणार नाही. म्हणून बॉटम बेचा दिवस पक्का करू नका. सकाळी घरमालकाला विचारा, “सीवीड कुठे आहे?” तो खिडकीतून न बघताच सांगेल. वाईट असेल तर पश्चिमेला जा, आडोशाच्या बाजूला ते सहसा पोहोचत नाही. वादळांची चिंता मात्र नको, तो मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर.

वादळावरून आठवलं, सासऱ्यांची नाराजी घालवायचं साधन किनाऱ्यावर नाही, ब्रिजटाऊनमध्ये आहे. केन्सिंग्टन ओव्हल. २९ जून २०२४ ला रोहितच्या संघाने टी-ट्वेंटीचा विश्वचषक इथेच उचलला, आणि मग बेरिल चक्रीवादळामुळे सगळे बेटावर अडकले. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर जी गर्दी झाली ती एवढी वाट बघून. पण तुमचे सासरे त्याआधीच्या पिढीचे. त्यांना १९७१ बद्दल विचारा. याच मैदानावर दिलीप सरदेसाईंचे १५० आणि गावसकरांचे नाबाद ११७. आणि १९९७ बद्दल विचारू नका. १२० धावा करायच्या होत्या आणि आपण ८१ वर गारद झालो, सचिन कर्णधार होता. ज्याने ते पाहिलंय त्याचा त्या दिवसाचा मूड जातो. सामना नसला तरी बाहेर सर गॅरी सोबर्सचा पुतळा आहे, तिथे फोटो काढा. कार्लाइल बेच्या दिवशीच हे उरकतं, वेगळा दिवस नको.

किरकोळ पण अडवणाऱ्या गोष्टी. धाकट्याचे लष्करी ठिपक्यांचे, कॅमोफ्लाज कपडे घरी ठेवा. तिथे ते घालायला कायद्याने बंदी आहे, मुलांनाही. गाडी डाव्या बाजूने चालवतात. नवरा भारतात शिकला असेल तर हात बसेल, पण पहिल्या दिवशी गोल चौकात तुम्ही शेजारी बसून “डावीकडे” म्हणत राहा. भाड्याच्या गाडीबरोबर तात्पुरता परवाना काढावा लागतो, गाडी देणारेच देतात. एखाद दिवस मुलीला घेऊन बसने जा, कुठेही साडेतीन बार्बेडियन डॉलर, सुटे न्या. बस थांब्यावर दोनच प्रकारच्या पाट्या : ‘शहराकडे’ आणि ‘शहराबाहेर’. यापेक्षा सोपी वाहतूकव्यवस्था मी कुठे पाहिली नाही.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी बार्बेडोसला व्हिसा लागत नाही, पण अडचण जाताना नसते, परतताना असते. तुमच्या दोघांच्या अमेरिकन व्हिसाचा शिक्का चालू आहे ना, आणि सासू-सासऱ्यांचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हे तिकीट काढायच्या आधी बघा. शिवाय आठवडाभर बाहेर जाऊन आलं की त्यांचे सहा महिने नव्याने सुरू होतील या हिशेबात राहू नका. जवळच्या बेटांवरून परतणाऱ्यांना बरेचदा उरलेलीच मुदत मिळते. कंपनीच्या वकिलाला एक मेल टाका.

म्हणजे ठेवायचे : अक्रा रोज सकाळी, मग कार्लाइल बे, पेन्स बे, मायामी आणि वरून बघायला बॉटम बे. दोन दिवस रिकामे, आणि ते रिकामेच राहू द्या.

एक राहिला. यादीत तो चौदाव्या नंबरवर आहे, “पोहण्यास अयोग्य” असा शेरा मारून. बाथशेबा, पूर्व किनाऱ्यावर. शेरा बरोबर आहे, तिथे पाण्यात जायचं नाही; लाटांवर स्वार होणारे पट्टीचे लोकच तिथे उतरतात. पण एका दिवशी पाचच्या आत सगळ्यांना गाडीत घाला, झोपेत असले तरी. पुढची सीट सासऱ्यांना. दक्षिणेकडून पाऊण तास लागतो, शेवटचा उतार उभा आहे, गाडी सावकाश घ्या. खाली वाळूवर घराएवढे खडक एकेकटे उभे आहेत, लाटांनी बुंध्याशी खाल्लेले, अळंबीसारखे. रस्त्याच्या कडेलाच थांबता येतं, सासूबाईंना उतरायचीही गरज नाही.

रत्नागिरीच्या माणसाने आयुष्यभर सूर्य समुद्रात बुडताना पाहिलेला असतो. उगवतो तो डोंगरामागून, सड्यावरून. इथे सहाच्या जरा आधी तो पाण्यातून वर येतो, समोरून, लाटांच्या तुषारांतून, आणि आधी त्या खडकांचे माथे तांबडे होतात. भाट्याला हे दिसत नाही, असं आपण म्हणायचं नाही. तिथे इतक्या लवकर काही उघडलेलं नसतं, तेव्हा थर्मासमध्ये चहा न्या, जरा जास्तच न्या.